उठण्यासाठी बसण्याची परवानगी

कराडच्या एका सरकारी कार्यालयातले कर्मचारी फार वेळ बसून राहतात, ही गंभीर बाब कार्यालयप्रमुख वीरधवल साहेबांच्या निदर्शनास आली. कर्मचारी जागेवर सापडतच नाहीत, असा जनतेचा अनुभव होता. पण जनता आरोग्याच्या प्रशिक्षणाला गेली नव्हती. साहेब गेले होते. परत येताच त्यांनी आदेश काढला: प्रत्येकाने तासातासाला उठून थोडं चालावं. या उपक्रमाला त्यांनी 'चालविराम' असं नावही दिलं.

कार्यालयाने आदेश मनावर घेतला. मंडळी उठत, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत आणि चालण्याचा शीण जाईपर्यंत तिथे बसत. खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली. लोक कुरकुरू लागले, तेव्हा साहेबांनी तोडगा काढला: सह्या अडू नयेत म्हणून शिपाई सुलाबाईंनी फायली घेऊन चालणाऱ्यांच्या मागे जावं.

सुलाबाई आधीच तीन मजले चढून-उतरून पाणी, चहा आणि फायली पोचवत होत्या. आता टपरीच्या फेऱ्याही त्यांच्याकडे आल्या. उजवा गुडघा सुजून टम्म झाला. अशातच साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साऱ्या कार्यालयात चालविराम न घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"सायेब, मी दिसभर चालतीयाच की."

"ते चालणं नव्हे, ते काम आहे," साहेबांनी समजावलं. "चालविराम म्हणजे बसलेल्या माणसानं उठणं. तुम्ही बसतच नाही, तर उठणार कशा?"

सुलाबाईंना ते पटलं. त्यांनी खुर्ची मागितली. शिपाईपदाला खुर्ची अनुज्ञेय नव्हती. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एक स्टूल मंजूर झालं, पण केवळ उठण्याच्या प्रयोजनार्थ; बसण्यासाठी वापर आढळल्यास कारवाई होणार होती.

स्टूल आलं त्या दिवशी सगळे खाली जमले. क्लार्क पल्लवी मॅडमनी फोटोसाठी मोबाइल सरसावला. सुलाबाई बसल्या. नोकरीला लागल्यापासून या इमारतीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. गुडघ्यातली कळ हळूहळू ओसरली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"आता उठा," साहेब म्हणाले.

"गुडघा न्हाई म्हंतोय, सायेब."

न उठणाऱ्याचं काय करायचं, हे आदेशात नव्हतं. फायली स्टुलाशेजारी साचू लागल्या. त्या वर न्याव्यात असं कुणाला वाटलं नाही. कारण ते चालणं नव्हतं, काम होतं.

रांगेत कुंडल गावचा कृष्णात होता. या बाबूंना काळीज नाही, म्हातारीचे पाय मोडायला निघालेत, असं तो सकाळपासून मोठ्यानं सांगत होता आणि रांग माना डोलवत होती. मग आपली फाईलही त्याच ढिगात असल्याचं त्याला दिसलं. तो पुढे आला आणि अदबीनं वाकला.

"आवं मावशी, तेवढी माझी फाईल वर देऊन या. मग बसा की निवांत."

रांगेतून कुणी हरकत घेतली नाही. जातच आहात तर आमच्याही न्या, एवढंच मागचे म्हणाले.

भिंतीला धरून सुलाबाई उठल्या. चालविराम यशस्वी झाला म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवल्या, रांगेनंही वाजवल्या. ढीग छातीशी धरून त्या जिना चढू लागल्या. रांगेत कोण कोण होतं, ते त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यामुळे आपण तिथे नव्हतो, असं तुम्हाला खुशाल म्हणता येईल. फाईल मात्र तुमचीही वर पोचली आहे.