वानखडे सरांचा अर्धा कच्चा पापड

स्टाफरूममधल्या मायक्रोवेव्हची काचेची फिरती थाळी वानखडे सर काढून ठेवायचे. मग आमच्या डब्यातली भाजी एका कडेला चटका देणारी, दुसऱ्या कडेला थंडगार. जाब विचारला की म्हणायचे, "लहर दिसत नाई मॅडम, तिचं काम दिसते." तुमची लहर गेली खड्ड्यात, मी सुनावायची.

सर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री. थाळी फिरली नाही की पापड ठरावीक जागीच फुलतो, बाकी कच्चाच राहतो. शेजारच्या दोन फुललेल्या डागांमधलं अंतर म्हणजे साधारण अर्ध्या लहरीची लांबी. त्याची दुप्पट करून मायक्रोवेव्हच्या मागे छापलेल्या वारंवारितेनं गुणलं की प्रकाशाचा वेग निघतो आणि तो प्रत्येक पोरानं स्वतः काढावा, हे सरांचं वेड. त्यापायी माझ्या सासूबाईंनी हिवरखेडहून पाठवलेले उडदाचे पापड त्यांनी न विचारता संपवले. अस्सा संताप आला होता मला!

पण बारावीची पोरं आमच्याकडे फक्त नावाला. दिवसभर कोचिंग क्लासमध्ये. प्रिन्सिपॉल म्हणाले, जर्नलवर सही करून प्रॅक्टिकलचे मार्क देऊन टाका. सर अडून बसले. पालक भांडायला आले, प्रिन्सिपॉलनी लॅबला कुलूप लावायची धमकी दिली.

"काहून करू सही?" सरांनी टेबलावर हात आपटला. "पोट्ट्यायनं लहर पाह्यली काय?"

मला सगळ्यांचीच चीड आली. मार्क हवेत, शिकायला नको!

शेवटी तोड निघाली. शनिवारी पोरांनी यावं, प्रयोग करावा, सही घ्यावी. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मायक्रोवेव्ह स्वतः उचलून लॅबमध्ये नेला.

पोरं आली. एकानं पापडावरच्या डागांना पट्टी लावली, बाकीच्यांनी त्याचा आकडा उतरवला. सह्या घेतल्या आणि स्कूट्या काढून क्लासला पळाली. डाग तिथेच का पडतात, हे एकानंही विचारलं नाही.

त्यांची खरडपट्टी काढायला मी दारापर्यंत गेले होते. मागून सरांचा आवाज आला, अगदी खालचा.

"इतके वर्सं झाले मॅडम, तरी उत्तर बरोबर आलं का मले लय खुशी होते. घरी सांगाले कोनी नाई. मनलं, पोट्ट्यायले सांगू."

माझा राग काही गेला नव्हता. तशीच तणतणत परत आले, स्टूल ओढून बसले, पट्टी हातात घेतली.

"ठेवा एक पापड," मी म्हटलं. "अन् सांगा मले, डाग तिथंच काहून पडते?"