परत आलेलं खिम्याचं यंत्र

खोकं उचलताच इन्शिराहला कळलं की काहीतरी गडबड आहे. तिच्याकडून गेलेलं खिम्याचं यंत्र ती एका हातानं उचलून फळीवर ठेवत असे. तेच परत आलं म्हणून हात घातला, तर कंबरेतून कळ निघाली.

"यात काय भरलंय?" तिनं खोकं घेऊन आलेल्या माणसाला विचारलं.

"बाई, रोजा धरून चार मजले चढलोय. आत काय आहे ते अल्लाला ठाऊक आणि पाठवणाऱ्याला. सही करा."

मन्सूरा शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली म्हणजेच इन्शिराहचं दुकान. गिऱ्हाईक तिथं कधी येत नसे. गिऱ्हाईक फोनवरच्या ॲपवर यायचं, तिथंच घासाघीस करायचं आणि तिथंच भांडायचं. रमजानचा शेवटचा आठवडा म्हणजे तिच्या धंद्याचा ऐन बहर. ईदच्या बिस्किटांसाठी घरोघर मैदा-तूप मळलं जात होतं. तिच्या यंत्राच्या तोंडाला चकती बसवली की खिमा करणारं यंत्र बिस्किटंही पाडायचं, त्यामुळे ती यंत्रं धडाधड खपत होती. आणि तितक्याच धडाक्यानं परत येत होती.

या महिन्यात दोन खोकी आधीच परत आली होती. एकात यंत्राऐवजी फरशीचा तुकडा होता. दुसऱ्यात यंत्र होतं, पण त्याच्या दातांत कुणाच्या तरी मेजवानीतलं मांस अडकलेलं होतं आणि सोबत चिठ्ठी होती, 'न वापरता परत'. दोन्ही वेळा ॲपवाल्यांनी गिऱ्हाइकाचीच बाजू घेतली होती. नियम असा होता, की तिसऱ्या तक्रारीत विक्रेता हरला तर दुकान महिनाभर बंद. म्हणजे ईद गेली, आणि वर्षाची कमाई गेली.

तिनं खोकं फोडलं. आत जुनाट लोखंडी यंत्र होतं. रंग उडालेला, दांडा वाकडा, वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. त्याचं वय इन्शिराहहून दोन-चार वर्षं जास्तच असावं.

"वगदी!" ती ओरडली. "ये बघ! मी नवरी पाठवली आणि घरी परत आली तिची पणजी!"

तिचा नवरा वगदी कोर्टात कारकून होता. तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचून वाचून त्याची लेखणी शिवशिवत असे. त्यानं चष्मा पुसला, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि फोन हातात घेतला.

"शांत हो. मी असा अर्ज लिहितो, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

त्यानं पाऊण तास लिहिलं. 'सन्माननीय महोदय, न्यायाच्या उंबरठ्यावर उभी असलेली ही अर्जदार' अशी सुरुवात होती आणि शेवटपर्यंत अर्जदार उंबरठ्यावरून हलली नव्हती. पाठवल्यावर चार सेकंदांत उत्तर आलं: 'प्रिय विक्रेत्या, तुमची अडचण आम्ही मनापासून समजतो. परत आलेल्या वस्तूचे सहा फोटो उद्यापर्यंत पाठवा. त्यातला एक आतून.'

"चार सेकंदांत?" वगदी दुखावला. "आमच्याकडे एवढा अर्ज नुसता उघडायला चार महिने लागतात!"

पाच फोटो झाले. सहाव्यासाठी इन्शिराहनं यंत्राच्या तोंडाची चकती पिळून काढली. आत काहीतरी कोंबलेलं होतं. तिनं चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, तसा एक हिरवा मोजा बाहेर आला. लहान मुलाचा, टाचेला ठिगळ लावलेला. तिनं तो ताटात उपडा केला.

खण्‌. खण्‌. खण्‌. सहा पाटल्या, आणि मागोमाग कानातला एक झुमका. सोन्याचा, दांडी तुटलेला.

वगदीनं आधी खिडकी लावली आणि मग दाराची कडी घातली.

"खरं आहे का रे?" इन्शिराहनं हळूच विचारलं.

"छाप आहे बघ. खरंच आहे." वगदीचा आवाज चिरकला. "इन्शिराह, हे आपलं नाही."

"ते मला कळतं! रमजानमध्ये मला शिकवू नकोस. पण त्या चोराचं तरी आहे का? नवं यंत्र ठेवून घेतलं, भंगार पाठवलं, आणि भंगारात सोनं? एवढा मूर्ख चोर मी पाहिला नाही."

"त्याला फोन कर. पण सोन्याचं अक्षरही काढू नकोस. आज सांगितलंस, तर उद्या जिन्यात दहा मालक उभे राहतील. त्यानं आपण होऊन ओळख सांगितली पाहिजे."

गिऱ्हाइकाचं नाव होतं शिहाब. इन्शिराहनं फोन केला.

"शिहाबभाऊ, तुमच्या खोक्यात एक जुनं यंत्र आलंय."

"जुनं? आमच्या घरात जुनं यंत्र कधी नव्हतंच, बाई. तुम्ही पाठवलं तेच मी परत केलं."

"नीट आठवा. आई, आजी, कुणाचं काही?"

"आईचा काय संबंध? माझ्या आईला कशाला मध्ये आणता?"

"बरं. त्या यंत्रात काही राहिलं असेल, असं वाटतं का तुम्हाला?"

"हे बघा, मला घाबरवायला जाऊ नका. मी असल्या विक्रेत्यांना पुरून उरलोय!" त्यानं फोन आपटला. मग ॲपवर, सगळ्यांच्या साक्षीनं लिहिलं: 'माझ्याकडे कुठलंही जुनं यंत्र नव्हतं. त्या खोक्यात जे काही आहे, ते सगळं विक्रेतीचंच आहे.'

वगदीनं ते वाक्य दोनदा वाचलं. "आमच्या कोर्टात," तो भारावून म्हणाला, "असा कबुलीजबाब मिळाला, की वकील आनंदानं रडतात."

पण ॲपवाले रडले नाहीत. संध्याकाळी निरोप आला: 'गिऱ्हाइकाच्या निवेदनावरून तक्रार त्याच्या बाजूनं निकाली काढण्याचा विचार आहे. अंतिम निर्णय उद्या रात्री आठ वाजता.'

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. शिहाबच होता, पण आवाज असा, जणू कुणी त्याचा कान धरून उभं आहे.

"ताई... काल जरा चढ्या आवाजात बोललो. उपास होता ना. ते जुनं यंत्र... अजून आहे ना?"

"कुठलं जुनं यंत्र?" इन्शिराह गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या घरात तर कधी नव्हतंच."

"ताई, चुकून गेलं हो! वडिलांची आठवण आहे. मी आत्ता येऊन घेऊन जातो. वर काय हवं ते देतो."

"आत काय आहे?"

"आत? आत काय असणार! दाते असतील."

इन्शिराहनं फोनवर हात ठेवला. "वगदी, याला मोज्याचं माहीतच नाही!"

"मग हा मालक नव्हे."

"शिहाबभाऊ," ती फोनवर म्हणाली, "ॲपवर खरं काय ते लिहा. नवं यंत्र ठेवून जुनं पाठवलं, असं. लिहिलंत की बोलू."

"लिहिलं तर ते माझं खातंच बंद करतील, ताई! अजून चार वस्तू परत करायच्यात मला!"

ते बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण फोन लगेच बंद झाला.

साडेचार वाजता दारावर थापा पडल्या. दारात काळ्या झग्यातली एक बाई कठड्याला धरून धापा टाकत होती. एका हातात इन्शिराहच्या दुकानाचा शिक्का मारलेलं यंत्राचं हमीपत्र, दुसऱ्या हाताच्या मुठीत एका तिशीतल्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाची बाही. माणसाच्या खांद्यावर इन्शिराहचं नवंकोरं यंत्र होतं.

"मी नेअमत," बाई म्हणाली. "हजला जाऊन आलेली, म्हणून हज्जा नेअमत. हे माझं कार्टं. सगळे चार मजले मी याला शिव्या देत आलेय, आता दम लागलाय. थांब जरा."

इन्शिराहनं खुर्ची पुढे केली.

"पोरी, यानं मला ईदची भेट दिली. 'आई, माझ्या कष्टाच्या कमाईचं नवं यंत्र.' मी अख्ख्या गल्लीला दाखवलं! सहा भावजयांना बोलावून दाखवलं! आणि आज सकाळी कपाटावर हात घालते, तर माझं जुनं यंत्र गायब. विचारलं तर म्हणतो, भंगारवाल्याला दिलं. कुठल्या भंगारवाल्याला, तर त, त, प, प. शेवटी चप्पल काढली तेव्हा तुझं नाव निघालं." तिनं मुलाकडे मान वळवली. "तू बाहेर उभा राहा."

"आई, पण..."

"बाहेर! आणि कानांत बोटं घाल."

दार लागलं. हज्जा पुढे वाकली आणि कुजबुजली, "यंत्रात काही सापडलं का गं?"

"तुम्हीच सांगा, हज्जा. तुमचं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल."

"हिरवा मोजा. याच नालायकाचा, तीन वर्षांचा होता तेव्हाचा. टाचेला मीच ठिगळ लावलं होतं. आत सहा पाटल्या. आणि एक झुमका, दांडी मोडलेला. जोडीचा दुसरा माझ्या लग्नातच हरवला, तेव्हापासून सासूनं मला..." तिनं दाराकडे बोट केलं. "याला ठाऊक असतं तर केव्हाच विकून टाकलं असतं. म्हणून मी ते बंद पडलेल्या यंत्रात लपवलं. म्हटलं, त्याला कोण हात लावणार?"

वगदी आतून ताट घेऊन आला. हज्जानं पाटल्या मोजल्या नाहीत. नुसता मोजा उचलला, गालाला लावला, आणि मोठ्यानं रडू लागली. इन्शिराहलाही रडू फुटलं. वगदीनं चष्मा पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिला.

दाराबाहेरून आवाज आला, "कसला मोजा?"

"बोटं कानांत घाल!" दोघी एकदम ओरडल्या.

हज्जानं डोळे पुसले, सोनं झग्यात खोल कुठंतरी नाहीसं केलं आणि मुलाला आत बोलावलं. "आता या बाईचं काय नुकसान केलंस ते लिही. सगळं."

"आई, माझं खातं बंद होईल!"

"तुझं जेवण बंद होईल. रोजा सुटायला तास उरलाय. लिहिल्याशिवाय तुझ्या तोंडात खजूरसुद्धा जाणार नाही. लिही!"

शिहाब लिहू लागला. वगदीला हे सुख आवरेना. तो मागे उभा राहून सांगू लागला, "लिहा: 'मी, खाली नाव असलेला, पश्चात्तापाच्या अग्नीत होरपळून...'"

"अग्नी कसा लिहितात?" शिहाबनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"अग्नी राहू दे!" इन्शिराह म्हणाली. "नवं ठेवलं, जुनं पाठवलं, खोटं बोललो. बस."

त्यानं तेवढंच लिहिलं. लगेच उत्तर आलं: 'प्रिय विक्रेत्या, तक्रार तुमच्या बाजूनं निकाली काढली आहे. तुमचं दुकान सुरू राहील.' इन्शिराहनं किंकाळी फोडली. वगदीनं आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर बायकोला मिठी मारली. खालच्या मजल्यावरची शेजारीण काय झालं बघायला वर धावून आली, आणि काही न विचारताच तिनंही जीभ हलवत आनंदाचा 'लुलुलुलु' असा गजर केला.

नवं यंत्र हज्जानं परत केलं नाही. "हे चांगलं चालतं गं," असं म्हणून तिनं त्याचे पैसे शिहाबच्या पाकिटातून काढून ताटात ठेवले. जाताना तिनं इन्शिराहचं कपाळ चुंबलं आणि मुलाच्या हातातून फोन हिसकावला.

"या पोरीबद्दल चांगलं लिहायची जागा असते ना यात? मला दाखव. मीच लिहिणार. तुझा भरवसा नाही."

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी इन्शिराह नव्या मागण्यांची खोकी बांधत बसली होती. तेवढ्यात फोनवर निरोप आला, 'तुमच्या दुकानाबद्दल नवा अभिप्राय.' तिनं उत्सुकतेनं उघडला. हज्जा नेअमतनं लिहिलं होतं, 'अशी सच्ची बाई अख्ख्या मन्सूरात नाही. हिच्या हातावर मी डोळे मिटून जीव ठेवीन. अल्ला हिला उदंड आयुष्य देवो.'

आणि वर तारे होते: पाचपैकी एक.

इन्शिराहनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एकच. दुकानाचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत घसरला होता. तिनं तडक हज्जाला फोन लावला. पलीकडे यंत्र घरघरत होतं, बायकांचा कलकलाट चालला होता आणि कुणीतरी "शिहाब, बिस्किटं जळतायत!" म्हणून ओरडत होतं.

"मिळाला का गं?" हज्जा आनंदानं म्हणाली. "एक नंबर! शिहाब म्हणत होता, पाच दे. मी म्हटलं, गाढवा, पाचवा नंबर त्या बाईला? ती पहिली आहे, पहिली!"

"हज्जा, ऐका ना, त्याचा अर्थ..."

"आभार मानू नकोस, माझी शपथ आहे तुला! आणि ऐक, माझ्या सहाही भावजयांनी आत्ता तुझ्याकडून यंत्रं मागवलीत. सगळ्यांना मी पढवून ठेवलंय, की यंत्र हातात पडलं की लगेच एक नंबर द्यायचा. दोन-तीन दिलेत तर माझ्या दारात येऊ नका!"

"हज्जा!" इन्शिराह ताडकन उठली. "हज्जा, फोन ठेवू नका! भावजयांना द्या! एकेकीला द्या!"

"अगं, सगळ्यांचे हात पिठात आहेत. ईद आनंदाची जावो, पोरी!" हज्जा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

इन्शिराहनं झगा चढवला, पायांत सापडतील त्या चपला सरकवल्या आणि चार मजले उतरायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावर तिला ओझ्यानं वाकलेला, खोकी पोचवणारा माणूस भेटला.

"बाई, कुठं निघालात? आज तुमच्याकडची सहा खोकी न्यायची आहेत, सगळी एकाच पत्त्यावर."

"मला आधी पोचव!" ती पायऱ्या उतरता उतरता ओरडली. "खोकी मागून!"