खिडक्या येईपर्यंत

विजेचं बिल पाहून नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या की घरातल्या कुठल्या तरी वस्तूचे दिवस भरतात, हे त्यांच्या बायकोला अनुभवानं ठाऊक होतं. मागच्या खेपेला गीझर गेला होता. या वेळी नानांची नजर घरभर फिरली आणि हॉलच्या खिडकीवर येऊन थांबली.

“इथून पळतोय एसीचा सगळा गारवा!” नाना म्हणाले.

“मग पडदा ओढा.”

“पडद्यानं काय होतंय? याला शास्त्र आहे.”

नाना पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. पाणीपुरवठा सोडून बाकी सगळ्या विषयांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. त्या दिवसापासून ते कागदाची पातळ पट्टी हातात धरून खिडक्यांच्या फटींपुढे उभे राहू लागले. पट्टी हलली की “बघा!” म्हणून ओरडायचे. जेवताना दुहेरी काच बरी की तिहेरी, यावर एकटेच वाद घालायचे आणि स्वतःच हरायचे. शेवटी मुलगी वैतागली.

“बाबा, ताटावर तरी काचा नकोत!”

मग एका संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, बगलेत बॅग आणि बॅगेत नमुन्याची काच. त्यानं टेबलावर एक मोठा दिवा लावला, काच समोर धरली आणि नानांना काचेमागे हात ठेवायला सांगितला.

“काय वाटतंय, साहेब?”

“काहीच नाही!”

“हेच तर आम्ही विकतो,” टायवाला नम्रपणे म्हणाला. “दोन काचांच्या मध्ये खास वायू भरलेला असतो. दिसत नाही, वास येत नाही.”

“मग तो आहे हे कशावरून?” बायकोनं विचारलं.

“वहिनी, म्हणून तर लेखी हमी देतो ना आम्ही!”

या उत्तरावर नाना इतके खूश झाले की त्यांनी जागच्या जागी आगाऊ पैसे मोजले. खिडक्या सोमवारी बसणार असं ठरलं. शनिवारी भंगारवाला दारावरून चालला होता. तो म्हणाला, “आज द्याल तर बरा भाव देतो.” नानांनी विचार केला, नाहीतरी काढायच्याच आहेत. संध्याकाळपर्यंत हॉलच्या आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या हातगाडीवर चढल्या. भिंतींना मोठाली भोकं तेवढी उरली.

सोमवारी कोणीच आलं नाही. नानांनी फोन केला.

“साहेब, काचा तयार आहेत,” टायवाला म्हणाला. “फक्त वायू यायचाय.”

पुढच्या आठवड्यात वायू आला, पण तो भरणारा माणूस रजेवर गेला. तो परत आला तेव्हा यंत्र बिघडलं. नाना चिडले, ओरडले, पण आगाऊ पैसे अडकलेले, त्यामुळे ओरडण्याचा शेवट “जरा लवकर बघा हो” असाच व्हायचा.

इकडे घरानं आपली घडी बसवली. भोकांवर चादरी लटकल्या. एसी लावायचा तर सगळी गल्ली गार करावी लागली असती, म्हणून तो बंद. दिवा लावला की पाखरांची झुंबड उडायची, म्हणून उजेड असतानाच जेवणं उरकायची. टीव्ही लावला तर समोरच्या इमारतीतून आवाज यायचा, “अहो, मघाचंच लावा की, बरं चाललं होतं!” तेव्हा तोही बंद. कपाटावर कबुतरांनी बिऱ्हाड थाटलं. बायकोनं नानांशी बोलणं कमीत कमी केलं. एकदाच म्हणाली, “निदान कबुतरं तरी भाडं देतात का विचारा.”

आणि मग बिल आलं. निम्म्याहूनही कमी!

नानांनी ते खिशात घालून ऑफिसात नेलं. “खिडक्यांचा निर्णय घेतल्यापासून हा फरक पडलाय,” ते सगळ्यांना सांगू लागले. यात खोटं एक अक्षर नव्हतं. बातमी फिरत फिरत कंपनीपर्यंत पोचली आणि टायवाला धावत घरी आला. त्याच्या हातात खिडकी नव्हती, पुष्पगुच्छ होता.

“साहेब, आमच्या प्रदर्शनात दोन शब्द बोला. समाधानी ग्राहक म्हणून.”

“अहो, पण माझ्या खिडक्या?”

“बोलणाऱ्या ग्राहकाचं काम आम्ही आधी करतो.”

तो गेल्यावर बायको कडाडली, “लाज नाही वाटत? घरात खिडकी नाही आणि खिडकीवर भाषण देणार?”

“तुझ्यासाठीच देतोय ना! आणि मी खोटं बोलणार नाही.”

नानांनी शब्द पाळला. मंडपात माणसं दाटीवाटीनं बसली होती. नाना माइकपुढे उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, “या कंपनीशी संबंध आल्यापासून माझं बिल निम्म्याच्या खाली आलं. आमच्याकडे आता एसी लावावा असं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही.”

टाळ्या पडल्या. नानांना चेव चढला.

“घरात सदैव मोकळी हवा! टीव्ही सुटला. अंधार पडायच्या आत आम्ही तिघं एकत्र जेवतो. आणि पारदर्शकता म्हणाल, तर मधे काच आहे असं मुळी वाटतच नाही!”

लोक उठून उभे राहिले. शेवटच्या रांगेत आईशेजारी बसलेल्या मुलीनं ओढणीत तोंड लपवलं, ती हसतेय की रडतेय ते बायकोला कळेना. भाषण संपताच नोंदणीच्या टेबलापुढे ही भली मोठी रांग लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नानांचा हात हातात घेऊन सांगितलं, “तुमच्यामुळे ठरवलं बघा आम्ही.” नानांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात कोणीतरी त्यांच्यासोबत फोटो काढायला आलं.

त्यानंतर नानांनी रोज फोन लावला. चार-पाच दिवसांनी टायवाला एकदाचा सापडला.

“साहेब, कमाल केलीत! सगळा माल संपला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी प्रदर्शन आहे. गाडी पाठवतो.”

“ते ठीक आहे. आमच्या खिडक्या कधी बसवताय?”

टायवाल्यानं आवाज खाली आणला.

“साहेब, घरचे समजून सांगतो. वरच्या साहेबांना तुमची सगळी हकीकत कळलीय. ते म्हणतात, तुमच्याकडे खिडक्या बसवायच्या आणि उद्या तुमचं बिल वाढलं, तर कंपनीची अब्रू काय राहील?”

नानांनी फोन हळूच खाली ठेवला. बायको दारात उभी होती.

“काय म्हणतायत?”

“काही नाही,” नाना म्हणाले. “आपल्याला कायमचं आदर्श ग्राहक केलंय.”