अंगठ्यांच्या अर्जाची चोरी

आमच्या लेकीचं, गोपिकाचं, लग्न झालं ते वर्ष १९७३. त्याच वर्षी, वयाची एकावन्न वर्षं झाल्यावर, मी प्रौढ वर्गात बाराखडी संपवली आणि लगेच गुप्तहेर झालो. नजर घारीची, चाल मांजराची आणि डोकं असं की माझी बायको रुखमाबाई रोज विचारायची, "ठेवलं कुठी हो तुमचं डोकं?"

त्या दसऱ्याच्या तोंडावर महापालिकेत घरोघरी पाणीपट्टी लावायचा वाद पेटला होता. एक बाजू म्हणे, फुकटचं पाणी लोक सांडतात. दुसरी म्हणे, पाऊस काय तुमच्या बापानं पाडला? मधल्या मध्ये आमच्या गल्लीचा सार्वजनिक नळ बंद व्हायचा होता. शेजारची मैनाबाई एकटी, विणकरांच्या सुताला खळ लावून जगणारी. खळीला पाणी त्याच नळाचं. तिनं दारोदार फिरून नळासाठी अर्जावर एकशे चाळीस अंगठे घेतले आणि अर्ज माझ्याकडे सांभाळायला दिला. नवमीला दुपारी तीन वाजता सभा होती. सकाळी पाहतो तर अर्ज नाही.

मी तपासासाठी नवी वही काढली. जुनी रुखमाबाईनं मागाचा धोटा, कात्री आणि माझ्या भिंगासोबत पूजेच्या पाटावर मांडली होती. खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पूजतात, आणि पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही.

चोराच्या अंगठ्याला शाई लागलेली असणार, असा मी तर्क केला. गल्लीभर अंगठे तपासले. एकशे चाळीस चोर सापडले.

मनोहररावांचा अंगठा मात्र स्वच्छ. ते पट्टीच्या बाजूचे.

"इतका साफ काहून?" मी दरडावलं.

"मी सही करतो गा. अन् हात धुतो. नळ हाय घरी."

म्हणजे पुरावा धुतल्याची कबुली. लिहून घेतली.

नत्थूच्या बकरीचा चेहरा फार तृप्त दिसला. तासभर तिच्या मागे बसलो. जे मिळालं त्यात कागद नव्हता.

दोन वाजता मैनाबाई आली. "शालिकभाऊ, कागद ठेवला कुठी होता तुम्ही?"

"चोराच्या बापालेही सापडणार नाही तिथं. माझ्या तपासाच्या वहीत."

"मंग ते वही पाहिली?"

"ते पूजेत हाय वं. कशी उघडू?"

"अन् सकाळपासून काय शोधून राहिले?"

रुखमाबाई म्हणाली, "पूजा मोडाची नाही."

"नळ गेला तं खळ काय थुंकीनं भिजवू, बाई?"

रुखमाबाईनं पदर खोचला. "पाट उचलला तं पूजा कुठी मोडते? धर तिकडून."

दोघींनी पाट उचलला. पुढे मी, घंटी वाजवत. महापालिकेच्या दारात चौकीदारानं चपला काढल्या, आत बाबूंनी हात जोडले. पाट खाली टेकवला, पण वही उघडायची कोणाची छाती होईना. तीनला पाच मिनिटं होती. मैनाबाईनं वर पाहिलं आणि उठून पंखा पूर्ण सोडला. फुलं उडाली, अक्षता उडाल्या, वही फडफडून उघडली आणि अर्ज बाबूच्या टेबलावर जाऊन पडला. कुंकू त्याच्या सदऱ्यावर. पूजेला कोणी हात लावला नव्हता.

पट्टी लागलीच, पण गल्लीचा नळ राहिला. नव्या वहीत मी लिहिलं: प्रकरण शालिकराम यांनी सोडवलं.

मैनाबाई शेवटपर्यंत त्याच नळावर पाणी भरत होती. १९८१ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, ती वारली.