चोविसाव्या दिव्यानंतर

जयंतीच्या मिरवणुकीला तीन तास उरले होते आणि भीमसेनचं धम्मचक्र फिरायला तयार नव्हतं.

भीमसेन बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला होता. यंदा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, निपाणीतल्या आपल्या गल्लीला काहीतरी नवं दाखवायचं म्हणून तीन महिने खपून त्यानं ट्रॉलीवर हे चाक उभं केलं होतं. भोवतीच्या चौकटीतले चोवीस दिवे एकेक करून लागायचे, चोविसावा लागला की छोट्या मोटरनं चाकाला एक फेरी द्यायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. हे मोजायचं काम एका मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे बोटभर लांबीच्या चिपकडे होतं. थोरली बहीण बायडाबाई त्या चिपला झुरळ म्हणायची, कारण ती काळी होती आणि तिला पाय होते.

झुरळ चोविसापर्यंत बरोबर मोजायचं. पण मोटर सुरू झाली की बॅटरीतला सगळा जोर तीच ओढून घ्यायची. झुरळाला घेरी यायची आणि शुद्धीवर आलं की ते पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. चाक नुसतं दचकायचं.

मोटरला वेगळी बॅटरी हवी होती आणि बॅटरीवाला संकेश्वरला गेलेला. शेवटी ट्रॉली ओढणाऱ्या भावकूच्या ट्रॅक्टरमधून दोन वायरी आणल्या. भावकूनं तोंड वाकडं केलं, पण बायडाबाईनं चहा पुढे केल्यावर तो गप्प बसला.

आता तर चाक दचकेनासुद्धा. भीमसेन घामाघूम झाला. त्याचे वडील देवाप्पा यांनी उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढलेला. ते मघापासून वायरी न्याहाळत होते.

"झुरळाकडनं मोटरकडं एकच वायर गेलीया," ते म्हणाले. "निरोप गेला. पर परत कुठनं यायचा?"

भीमसेन बघतच राहिला. दोन्ही बॅटऱ्यांची मायनस टोकं एकमेकांना जोडायची राहूनच गेली होती. त्यानं वायरीचा एक तुकडा जोडला आणि चाकानं पहिली पुरी फेरी घेतली.

मिरवणूक निघाली. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चालत होता, त्यामुळे त्याची बॅटरी भरत नव्हती, नुसती रिकामी होत होती. हे बाजाराच्या वळणावर कळलं. तिथे ट्रॅक्टर बंद पडला आणि भावकूनं स्टार्टर मारला तर 'टक्' एवढंच वाजलं.

"तुझ्या चाकानं माझा ट्रॅक्टर पिऊन टाकला बघ," भावकू म्हणाला.

पंधरा-वीस जण ट्रॅक्टर ढकलायला लागले. त्यांत भीमसेनही होता. बॅटरी संपली म्हणजे मोटरही संपली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि मागे वळून बघायचा धीर होईना. तेवढ्यात बायडाबाई सांगत आली, चाक मघापेक्षा झोकात फिरतंय असं लोक म्हणतायत.

भीमसेन ट्रॉलीकडे धावला. दिवे आपल्या बॅटरीवर बिनघोर लागत होते. चोविसावा लागला आणि चाक संथपणे एक फेरी फिरलं. त्यानं चाकामागचा निळा पडदा उचलला. आत देवाप्पा मांडी घालून बसले होते आणि फटीतून दिव्यांवर डोळा ठेवून मोटरवरून चाकाकडे जाणारा पट्टा हातानं ओढत होते.

"आप्पा, कवापास्नं?"

"वळणापास्नं. झुरळ ब्येस मोजतंय. मोटर मेल्याली त्येला अजून कळलं न्हाय, तू बी सांगू नगंस."

भीमसेन शेजारी बसला. थोड्या वेळानं त्यानं पट्ट्याला हात लावला. देवाप्पांनी तो हळूच बाजूला सारला.

"थांब रं. अजून दोन दिवं हायत."