रिकामे मामा

आमच्या कंपनीत यंत्राचा मूळ प्रोग्राम, कर्नेल, कोडमधून बांधताना, म्हणजे त्याचा बिल्ड लावताना, ज्या भागाची अट बंद असते, तो भाग लिहिणारा माणूसही तेवढ्यापुरता नाहीसा होतो. नागनाथ कोष्टींनी पंख्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्रातला पंखा चालवणारा कोड, लिहिला होता. बिनपंख्याच्या यंत्राचा बिल्ड लागला की त्यांची खुर्ची रिकामी व्हायची आणि त्यांना हाक मारणारा जागच्या जागी अडकायचा.

म्हणून सगळ्यांनी आपापल्या फाइलमध्ये प्रत्येक हाकेआधी अट लिहिली होती: पंखा असेल तरच कोष्टींना बोलवा. पुढे अटीच इतक्या झाल्या की मधला कोड दिसेना. कोष्टींच्या घरीही कणीक मळण्याआधी, ते आज आहेत का हे विचारायला, ऑफिसात फोन करायची पद्धत पडली.

त्यातच इचलकरंजीला भाचीचं, ईश्वरीचं लग्न ठरलं. नेमका त्याच दिवशी बिनपंख्याचा बिल्ड. कोष्टी तिचे एकुलते एक मामा.

"बिल्ड पुढे ढकलता येणार नाही," मॅनेजर कर्णिक म्हणाले. "पत्रिकेतच छापा. मामा असल्यास."

"असलं काही छापायचं नाही," कोष्टींच्या टीममधली शरयू बेंद्रे म्हणाली. "हाक मारणाऱ्याने अट का सांभाळायची? अट एकाच ठिकाणी, सगळ्या फाइली जी वाचतात त्या हेडर फाइलमध्ये ठेवू. पंखा असेल तर खरे कोष्टी. नसेल तर त्याच नावाचे रिकामे."

"रिकामे म्हणजे?"

"हाकेला येतील. करणार काही नाहीत. शून्य म्हणतील आणि जातील. शून्य म्हणजे सगळं ठीक."

शरयूने एकेका फाइलमधून अटी उपटायला घेतल्या. कर्णिकांनी बदल दोनदा परत पाठवला. तिने तो तिसऱ्यांदा पाठवला आणि मंजूर होईपर्यंत त्यांच्या टेबलासमोरून हलली नाही.

लग्नात भटजींनी पुकारलं, "मामांनी मुलीच्या मागे उभं राहावं." रिकामे कोष्टी आले, उभे राहिले. मंगलाष्टका संपेपर्यंत त्यांनी काहीही केलं नाही. मामाने तेव्हा काही करायचंही नसतं. अक्षता पडल्यावर ते "शून्य" म्हणाले आणि मांडवाबाहेर गेले.

सोमवारी पंख्याचा बिल्ड लागला. खरे कोष्टी खुर्चीत बसतात तोच बहिणीचा फोन आला.

"दादा, या वेळी एका हाकेत आलास. कशालाच नाही म्हणाला नाहीस. दिवाळीला असाच ये."

कोष्टींनी फोन ठेवला. मग उठून शरयूच्या टेबलाशी गेले.

"दिवाळीच्या आठवड्यात पंख्याचाच बिल्ड ठेव," ते म्हणाले. "भाऊबीजेला मीच जाणार, रिकामे नाही."

"कर्णिक सर नाही म्हणतील."

"म्हणू देत," असं म्हणून कोष्टी स्वतःच कर्णिकांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.