स्वतःचा माल स्वतः तपासू नये

तापकीरअण्णा कॅन्टीनच्या चपातीला जाडी मोजायचं व्हर्नियर लावतात. गंमत म्हणून नव्हे. चाकणच्या आमच्या कंपनीत ते वीस वर्षं तयार मालाची शेवटची तपासणी करतात, आणि जगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हलगर्जीपणातूनच जन्माला येते अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्नपत्रिका आली तर लाल पेनाने चुका काढून यजमानांना परत करतात. शहाणे यजमान हल्ली छपाईआधीच पाठवतात.

मध्यंतरी कंपनीला आमच्या मनाची काळजी वाटू लागली. सलग तीन रविवार ओव्हरटाइम करवून घेतल्यावर कंपन्यांना ती वाटतेच. पुण्याहून समुपदेशक बाई आल्या. प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. गेल्या दोन आठवड्यांत झोप उडाली का, भूक मंदावली का, कशातच जीव रमत नाही असं किती दिवस वाटलं. त्रास नसेल तर शून्य, रोजचा असेल तर तीन. गुण ज्याने त्याने स्वतःच द्यायचे आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी आणायचा. मी चहा संपायच्या आत सगळीकडे शून्य घातलं. एवढा सुखी माणूस आमच्या थेरगावात दुसरा नसावा.

अण्णांनी फॉर्म कोराच ठेवला. ज्यानं माल बनवला त्यानंच तो पास करायचा ही कुठली पद्धत, असं त्यांनी बाईंना विचारलं. गेजच बिघडलेलं असेल तर ते स्वतःचं माप काय सांगणार? बाई शांतपणे म्हणाल्या की म्हणूनच आम्ही नंतर समोर बसून बोलतोही. अण्णांनी त्यांना 'सुधारणेस वाव आहे' असा शेरा दिला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ते नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसले आणि माझा फॉर्म मागितला. झोपेपुढचं शून्य खोडून तीन लिहिलं. शेजारी शेरा: 'बसमध्ये डोळे मिटतो, झोपत नाही.' भुकेपुढे दोन: 'डबा अर्धा परत नेतो.' जीव रमण्यापुढे पुन्हा तीन: 'माझी नक्कल करायचा. दिवाळीपासून बंद.'

मला आधी राग आला, मग मी तिन्ही शेरे पुन्हा वाचले. असं का होतंय हे विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. अण्णांनी विचारलं नाही. दोष सापडला की आधी माल बाजूला घ्यायचा, कारण नंतर शोधायचं, हे त्यांचं जुनं शिस्तीचं वाक्य.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

त्यांनी कोरा फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. "तू भर, भावा. घरी तपासायला कोन हाय?"

चिखलीतल्या तीन मजली घरात ते एकटे राहतात हे मला माहीत होतं. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होतो. चपाती किती जाड झाली की ते नापास करतात हे झोपेतही सांगितलं असतं. त्यांना झोप लागते का, हे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. चिखली जवळ आली तरी पहिली ओळ कोरीच होती.

अण्णा समोर बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला.

"तीन लिही," ते हळूच म्हणाले.

मी लिहिलं. माझा स्टॉप पुढे होता, तरी त्यांच्याबरोबर चिखलीलाच उतरलो.